सावळखेडचे अडतीस नारळ

वडनेर भोलजी, ता. नांदुरा
फाल्गुनातला पहिला सोमवार

तीर्थरूप विमलआत्याबाई,

तुमच्या करिष्माचा मलकापूरच्या दिशेला तोंड करून नमस्कार. दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा समजावा, कारण बाबा सांगत होते की उजवा आता बरा आहे, पण डावा अजून रुसलेला आहे. मामाजींचा खोकला कसा आहे? जिनिंगमध्ये जाताना ते तोंडाला रुमाल बांधतात का, की रुमाल बाजूला सारून बिडी ओढतात? (हे मी नाही, आई विचारते आहे.) घरी सगळं ठीक. आईची कंबर, बाबांची तंबाखू आणि आपली म्हैस, तिन्ही जागच्या जागी आहेत.

तुम्हाला वाटेल, या पोरीच्या हातात दिवसभर फोन असतो आणि ही पत्र कशाला लिहिते. आत्याबाई, राग मानू नका, पण फोनवर मी फक्त ‘हॅलो’ म्हणते आणि पुढचं सगळं तुम्ही म्हणता. मागच्या वेळी सव्वीस मिनिटं झाली आणि मला काय सांगायचं होतं ते शेवटी मीच विसरले. पत्राला मध्येच ‘थे राहू दे, आधी हे आयक’ असं म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय सावळखेडचे भगवानराव उद्या ट्रॅक्टरचा कसला तरी पार्ट आणायला मलकापूरला येत आहेत. त्यांच्याच हाती हे पत्र आणि दोन किलो तूरडाळ पाठवते आहे. भगवानराव कोण आणि डाळ कसली, ते पुढे येईलच. तुम्ही चहा ठेवून बसा, कारण पत्र लांब आहे.

तुम्ही दर वेळी विचारता, ‘तू विद्यापीठात हायेस म्हंता, मंग बसतं कुठी?’ खरं उत्तर असं की मी कुठेच बसत नाही. विद्यापीठाचा एक विस्तार विभाग आहे, त्यात मी ग्रामसमन्वयक आहे. म्हणजे सकाळी वडनेरच्या खोलीला कुलूप लावायचं आणि चार किलोमीटरवरच्या सावळखेडला मिळेल त्या वाहनानं जायचं. (काळीपिवळी मिळाली तर उत्तम, नाहीतर दुधाची गाडी, आणि एकदा वरातीची.) आमचे साहेब म्हणजे डॉ. अनंत सर. त्यांचं म्हणणं असं की विद्यापीठानं आपल्या कंपाऊंडात बसून नुसत्या पदव्या वाटू नयेत. तिथलं ज्ञान आजूबाजूच्या गावांच्या पोटापाण्याला लागलं पाहिजे. आता तूरच बघा. तूर पिकते आपल्या वावरात, पोत्यांनी नांदुऱ्याला जाते, आणि डाळ होऊन चकचकीत पुडीत आपल्याच गावच्या दुकानात परत येते. जाताना ती आपली असते, येताना आपण तिचे गिऱ्हाईक असतो. मधला प्रवास गावातच झाला तर त्यातून चार बायकांना काम मिळेल, असा तो विचार. त्यासाठी विद्यापीठ लहान डाळ मिल देणार, चालवायला शिकवणार, पुडीवर काय छापायचं ते सांगणार, नांदुऱ्या-मलकापूरच्या दुकानदारांशी गाठ घालून देणार. गावानं फक्त जागा आणि हात द्यायचे.

सरांचं एक वाक्य मला फार आवडतं: ‘विद्यापीठ शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचलं पाहिजे.’ ते मी डायरीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सावळखेडच्या पहिल्या बैठकीत मी ते मोठ्यानं म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला. (माझ्या. बाकी कुणाच्या आलेला दिसला नाही.) मागून किसनराव नावाचे एक शेतकरी म्हणाले, ‘‘या ना, बांधापर्यंत या. फक्त बांध कोरू नका म्हंजे झालं.’’

पण त्या गावातल्या बचत गटाच्या चौदा बायकांनी मात्र ते मनावर घेतलं. गटाच्या अध्यक्ष रुख्मिणीबाई, म्हणजे याच किसनरावांच्या मंडळी. त्यांनी ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम मागून घेतलं. त्यात वीस वर्षांची पोती, उंदीर आणि एक मोडका पाळणा होता. चौदा जणींनी ते सगळं आठ दिवसांत उपसलं, शेणानं सारवायचं की फरशी करायची यावर दोन दिवस भांडल्या, शेवटी फरशी केली, भिंतींना चुना दिला आणि मिल कुठे ठेवायची तिथे खडूनं चौकोन आखून ठेवला. मिल अजून मंजूरही नव्हती, आत्याबाई. त्या चौकोनात कुणी पाय ठेवला तर रुख्मिणीबाई ओरडायच्या, ‘‘मशिनीत पाय अटकन ना!’’

अडचण अशी होती की विद्यापीठाकडे मिल एक आणि मागणारी गावं तीन. तेव्हा ठरलं की पाहणी करायची आणि ज्या गावाला सगळ्यांत जास्त गरज आहे त्याला द्यायची. न्याय म्हणजे न्याय. सावळखेडची पाहणी माझ्याकडे आली. एकशे बारा घरं आणि प्रत्येक घरी सत्तेचाळीस प्रश्न. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी ज्या दिवशी पेढे वाटले होते, त्यानंतर एवढा आनंद मला थेट या दिवशी झाला. मी ठरवलं की एकही घर सोडायचं नाही, एकही प्रश्न गाळायचा नाही आणि लोक जे सांगतील ते अक्षर न बदलता लिहायचं. या तिसऱ्या निश्चयानंच पुढे घात केला.

आता तुम्ही अनुभवी आहात, तेव्हा प्रश्न फक्त ऐका. घरात माणसं किती? मुलगे किती? त्यांतले अविवाहित किती, त्यांची वयं काय, शिक्षण काय? व्यसन आहे का? जमीन किती, त्यात ओलिताची किती? घर पक्कं की कच्चं? संडास घरात आहे का? जनावरं किती? वाहन कोणतं? आत्याबाई, तुम्ही आतापर्यंत हसायला लागला असाल. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी ते प्रश्न अर्थशास्त्राच्या नजरेनं पाहत होते. आपल्या वऱ्हाडात हे प्रश्न दुसऱ्याच एका कामासाठी विचारतात, आणि तेही मुलीचा बाप नाहीतर मामा विचारतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सावळखेड बहुतेक आपल्याच सोयरिकीतलं गाव. लग्नाची वयं उलटून चाललेले मुलगे घरोघरी बसलेले. शेतकऱ्याला मुलगी कुणी देत नाही. अशा गावात चोवीस वर्षांची एक शिकलेली, बिनलग्नाची मुलगी हातात फाईल घेऊन दारोदार फिरते आहे आणि विचारते आहे, जमीन किती, मुलगा काय करतो, दारू पितो का. गावानं काय समजावं?

पहिल्याच घरी, रुख्मिणीबाईंकडे, त्यांनी आधी माझीच चौकशी केली. गाव कोणतं, बापाचं नाव काय, आईचं माहेर कुठलं. मी नीट उत्तरं दिली. (पाहणीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, आधी विश्वास संपादन करा.) मग मी फाईल उघडून विचारलं, घरात अविवाहित मुलगे किती. रुख्मिणीबाईंनी किसनरावांकडे पाहिलं, किसनरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आतलं दार आपोआप बंद झालं. ‘‘एक हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘निर्व्यसनी.’’ व्यसनाचा प्रश्न एकोणिसावा होता, मी अजून तिसऱ्यावर होते. जमीन विचारली तर किसनराव म्हणाले, ‘‘लेहा, अठरा एकर.’’ रुख्मिणीबाई म्हणाल्या, ‘‘अठरा काऊन? त्या तिकडच्या वावराची नाई धरली काय?’’ किसनराव जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘‘हाव, वीस लेहा मंग.’’ तेवढ्यात आतून त्यांचा मुलगा चहाचा ट्रे घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि गळ्याभोवती पावडर अशी की मला वाटलं पिठाच्या गिरणीतून आला. त्यानं खाली मान घालून कप माझ्यापुढे ठेवला. मी डायरीत लिहिलं, ‘घरकामात पुरुषांचा सहभाग लक्षणीय.’

निघताना रुख्मिणीबाईंनी मला कुंकू लावलं आणि हातावर नारळ ठेवला. मी म्हटलं, कशाला? त्या म्हणाल्या, ‘‘रीत हाय, माय.’’ मी मान राखला. पुढच्या घरी पुन्हा नारळ. त्याच्या पुढच्या घरी पोहे आणि नारळ. पाहणी संपेपर्यंत माझ्या खोलीत अडतीस नारळ झाले होते आणि खाटेखाली पाय सरकवायला जागा नव्हती. मी अहवालात लिहिलं, ‘लोकसहभाग उत्स्फूर्त आहे.’ अडतीस नारळ म्हणजे अडतीस मुलगे, हे गणित एखाद्या चौथीतल्या मुलीनंही मांडलं असतं. पण मी पदवीधर ना.

ट्रॅक्टरचीही तीच कथा. तिसऱ्या घरापुढे एक लाल ट्रॅक्टर उभा होता, डाव्या दिव्याला तडा गेलेला. सातव्या घरापुढेही लाल ट्रॅक्टर होता. अकराव्या घरी मी पाहिलं तर तोही लाल, आणि डाव्या दिव्याला तडा. मला वाटलं, एकाच कंपनीचा माल असेल, तडासुद्धा कंपनीचाच. मी एकूण नऊ ट्रॅक्टर लिहिले. ते सगळे भगवानरावांचे होते. म्हणजे तो एकच होता, भगवानरावांचा. मी एका घरी बसले की ते मागच्या गल्लीनं तो पुढच्या घरी नेऊन उभा करायचे. त्यांना स्वतःला दोन मुली, दोघींची लग्नं झालेली, त्यांना यात काही मिळवायचं नव्हतं. केवळ गावासाठी या माणसानं आठवडाभर डिझेल जाळलं. एका शिंगाची एक म्हैसही मला चार गोठ्यांत भेटली. चौथ्या वेळी तिनं मला ओळखलं असं मला आजही वाटतं.

आणि ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा नव्हता त्यांनी तरी खरं सांगावं? तर नाही. एका आजोबांनी मला नंतर समजावून सांगितलं की शेजारी वीस एकरवाला आणि आपण तीन एकरवाले असं लेहून दिलं तर शेजाऱ्याचं बिंग नाही का फुटणार. शेजारधर्म म्हणून त्यांनीही सोळा सांगितले. एवढी एकजूट मी समाजशास्त्राच्या पुस्तकातही वाचलेली नाही.

मी सगळं अक्षर न बदलता लिहिलं आणि विद्यापीठात पाठवलं. तिथे संगणकावर आकडे भरायला हिमानी म्हणून एक संशोधक मुलगी आहे. तिचा आठ दिवसांनी फोन आला. ती म्हणाली, ‘‘करिष्मा, तुझ्या गावात अजून एखादं घर रिकामं आहे का? मला राहायला यायचंय.’’ मला वाटलं तिला ग्रामीण जीवनाची ओढ लागली आहे. मग अनंत सरांचा फोन आला. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. ते म्हणाले की सरासरी साडेवीस एकर जमीन, घरोघरी ओलीत, व्यसन शून्य असं गाव त्यांच्या नोकरीत त्यांनी पाहिलेलं नाही. अशा गावाला डाळ मिल देणं म्हणजे सावकाराला भीक घालणं. विद्यापीठाच्या समितीनं मिल दुसऱ्या गावाला द्यायचं ठरवलं होतं. पंधरा दिवसांत अंतिम सही होणार होती.

मी सरांना म्हटलं, काहीतरी चूक आहे. ते म्हणाले, ‘‘चूक असेल तर शोध. पण आकडा बदलायचा तर ज्यानं दिला त्यानंच बदलायचा. तू नाही.’’ मी सावळखेडला गेले. गोदामात रुख्मिणीबाई नव्या फरशीवरून ओलं फडकं फिरवत होत्या, खडूचा चौकोन तेवढा टाळून. मी त्यांना सांगितलं की मिल जाते आहे. त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, त्यात पाणी राहिलं नव्हतं तरी पिळतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘काऊन जाते? आम्ही का कमी सांगतलं काय?’’ आत्याबाई, त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ कान गरम झाले. मी खोलीवर जाऊन सगळे नारळ एकदा मोजले आणि खाटेवर बसून रडले. रडून झाल्यावर एक फोडून खाल्ला, कारण दुपारपासून पोटात काही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी अनंत सर स्वतः आले. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात अख्खं गाव जमलं. सर बोलले थोडंच. त्यांनी तलाठ्याकडून आणलेला कागद काढला आणि वाचला की सावळखेडच्या शिवारात सगळी मिळून एक हजार अठरा एकर जमीन आहे. मग माझा अहवाल काढला आणि वाचलं की गावकऱ्यांनी सांगितलेली जमीन दोन हजार तीनशे एकर होते. ‘‘उरलेली कुठे आहे?’’ त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. शेवटी भगवानरावांनी गावाची बाजू सावरायचा प्रयत्न केला. ‘‘असन सर, पूर्णेच्या पात्रात असन. पानी उतरलं का दिसते.’’

लोक हसले. सरही हसले. मग ते म्हणाले की सर्वेक्षणाला खोटी माहिती दिली तर नुकसान तुमचंच आहे. यावर किसनराव उठले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, ‘‘सर, गावाले बोल लावू नका. सर्वेक्षनाले आम्ही खोटं नाई बोललो. आम्ही स्थळाले बोललो. सर्वेक्षन अलग अन् स्थळ अलग. स्थळाले कोनी तीन एकर सांगते काय बाप्पा?’’ सगळा मंडप ‘हाव, हाव’ करायला लागला. सर माझ्याकडे वळले आणि त्यांना काय विचारावं ते कळेना. मला कुठे पाहावं ते कळेना. मंडपाच्या खांबाला टेकून उभे असलेले अडतीस इस्त्रीचे शर्ट जमिनीकडे पाहत होते.

सर म्हणाले, बरं, झालं ते झालं, आता खरं सांगा, मी इथेच दुरुस्त करतो. पण कुणी सांगेना. आणि मला त्यांचं कारण कळत होतं. खरं सांगावं तर मिल मिळेल, पण भर सभेत आपला मुलगा अडीच एकरवर येईल, आणि समोरच ती मुलगी उभी. मिल पाहिजे होती, पण सूनही पाहिजे होती. रुख्मिणीबाई दोन्हींच्या मध्ये बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी एकदम पदर काढला आणि मलाच विचारलं, ‘‘आमचं सारं इचारलं तुनं, पोरी. आमच्या संडासापर्यंत लेहून नेलं. तुहं काय हाय, थे तं कोनाले सांगतलंच नाई.’’

बरोबरच होतं ते. आत्याबाई, मी समोर गेले, फाईलमधून एक कोरा फॉर्म काढला आणि स्वतःलाच प्रश्न विचारत तो मोठ्यानं भरला. जमीन किती? तीन एकर. ओलिताची किती? काहीच नाही, विहीर आहे पण तिला होळीनंतर पाण्याची आठवण राहत नाही. घर? पुढची भिंत पक्की, बाकीचं जसं होतं तसं. जनावरं? एक म्हैस. व्यसन? वडिलांना तंबाखू, मला चहा. मुलीचं शिक्षण? बी.ए., दुसरा वर्ग. नोकरी? कंत्राटी, अकरा महिन्यांची, पुढच्या अकरा महिन्यांचं कुणाला माहीत नाही. इथे पहिल्या रांगेतल्या एका बाईनं ‘अव माय’ असं म्हटलं. मागून कुणीतरी विचारलं, ‘‘सयपाक?’’ तो आमच्या फॉर्ममध्ये नव्हता, पण मी सांगून टाकलं की भाकरी थापते, पुरणपोळी फुटते, आणि वरण आई करते.

सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस उत्तरं संपली तेव्हा मंडपातली हवा बदललेली होती. मला वाटलं होतं, लोक माझ्या प्रामाणिकपणानं भारावून जातील. ते नुसते मोकळे झाले. भगवानराव शेजाऱ्याला कानात सांगायला गेले, पण त्यांचा आवाज ट्रॅक्टरवर बसून बसून तसाच झालेला, सगळ्यांना ऐकू आलं: ‘‘काय पाह्यत होतो बे आपन! हे तं आपल्याहून खालचं स्थळ हाय.’’ एका आजीनं तर तिथल्या तिथे नारळ परत मागितला. (मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. तिचा मी रडल्यावर खाल्ला होता, म्हणून किसनरावांचा दिला.)

आणि मग बांध फुटला. रुख्मिणीबाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमचे चार एकर लेहा. कोरडे. अन् पोरगं तंबाखूचा खर्रा खाते.’’ किसनराव काहीतरी म्हणायला गेले तर त्यांनी त्यांना हातानंच बसवलं. त्यांच्यामागून बाकीच्या तेरा जणी उठल्या, मग त्यांचे मालक, मग सगळं गाव. तीन एकर, अडीच एकर, ‘दीड एकर अन् थेबी भावाच्या नावावर’. थोड्या वेळानं उलटीच शर्यत लागली. कोण जास्त खालचा, यावर दोन चुलतभावांची जुंपली, तेव्हा सरांना टेबलावर हात आपटून सांगावं लागलं की आता या बाजूनंही खोटं नको. शेवटी बेरीज एक हजार चार एकर झाली. तलाठ्याच्या कागदापेक्षा चौदा एकर कमी. किसनराव म्हणाले, ‘‘थे बांध कोरन्यात गेले.’’

त्या दिवशी सभा सुटल्यावर माझ्याजवळ एकही जण रेंगाळला नाही, आत्याबाई. तीन महिने ज्या गावात मला बसायला चादर टाकायचे, त्या गावात मी माझी पाण्याची बाटली स्वतः भरून घेतली. चांगलंच झालं, कामाच्या दृष्टीनं. पण थोडं लागलं, खोटं का बोलू. पावडरवाला मुलगा तेवढा जाता जाता म्हणाला, ‘‘ताई, काही लागलं तं सांगजा.’’ ताई! मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान आहे.

समितीनं खऱ्या आकड्यांवर पुन्हा विचार केला. पंधरा दिवसांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी मिल सावळखेडला मिळाली, एका तुरीच्या हंगामापुरती. नीट चालली तर कायमची. नीट चालवायची जबाबदारी चौदा जणींची आणि माझी. मिल टेम्पोतून उतरवली तेव्हा ती खडूच्या चौकोनात बसेना, चार बोटं मोठी निघाली. रुख्मिणीबाईंनी मिलला दोष दिला, चौकोनाला नाही. पहिल्या दिवशी तूर नीट भिजली नव्हती म्हणून डाळ कमी आणि चुरा जास्त निघाला, आणि सगळ्या गावानं येऊन चुऱ्याचं वरण खाल्लं. दुसऱ्या दिवशी हिमानी आली. तिनं भिजवायचं, वाळवायचं, तेल चोळायचं गणित समजावलं. (तिला गावात कुणी नारळ दिला नाही. गाव शहाणं झालं आहे.) आता नांदुऱ्याचे दोन दुकानदार आमची डाळ ठेवतात. एकानं विचारलं, पुडीवर ‘सावळखेड’ कशाला, गाव कोणाला माहीत आहे? रुख्मिणीबाई म्हणाल्या, ‘‘माहीत नाई म्हनूनच लेहलं.’’ सरांच्या लाल शाईच्या वाक्यापेक्षा मला आता हे वाक्य जास्त आवडतं, पण सरांना सांगितलेलं नाही.

तर असं आहे. विद्यापीठानं गावासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर तुम्ही ही डाळ शिजवून दाखवा. भगवानरावांना चहा द्या, पण ट्रॅक्टरचं नाव काढू नका, ते उठत नाहीत. मामाजींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा, आणि डाव्या गुडघ्याला माझ्याकडून थोडं तीळतेल.

तुमच्या आशीर्वादावर आणि अकरा महिन्यांच्या करारावर चालणारी,
करिष्मा

ता. क. डाळ आधी अर्धा तास भिजवा. शेजारणीला द्यायची असेल तर पुडीसकट द्या, म्हणजे गावाचं नाव वाचता येईल.

ता. क. आणखी एक. खरं तर पत्र त्यासाठीच आहे, पण वर लिहायला धीर झाला नाही. काल घरी गेले होते तेव्हा बाबांच्या फोनवर मी माझाच बायोडाटा पाहिला, जो तुम्ही मलकापूरच्या त्या शिक्षकांच्या घरी पाठवला आहे. तेच लोक येत्या रविवारी मला पाहायला येत आहेत. त्यात लिहिलं आहे, ‘मुलगी विद्यापीठात अधिकारी, नोकरी कायम. वडिलांची शेती आठ एकर, बारमाही ओलीत.’ आत्याबाई, तुम्ही मायेनं लिहिलं हे मला माहीत आहे. बाबा म्हणतात, तुम्ही पाच लिहिले होते आणि तीन त्यांनी वाढवले. पण मी एकशे बारा घरांना भर मंडपात खरं बोलायला लावलं. आता आपल्याच घराचं एकशे तेरावं तसंच ठेवलं तर मला सावळखेडला तोंड दाखवता येणार नाही. त्या गावात पाच जणांची सोयरीक मलकापुरात आहे, आणि भगवानराव तर हे पत्र घेऊन तुमच्याच दारात उभे आहेत. तेव्हा रविवारच्या आत त्या लोकांना फोन करून तीन एकर, कोरडवाहू आणि कंत्राटी हे तेवढं सांगून टाका. तुमच्या पद्धतीनं सांगा, सव्वीस मिनिटं घ्या, पण सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर मीच कोरा फॉर्म काढून बसेन, आणि मला आता सवय झाली आहे. ऐकून ते आले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. आले तर मात्र मलाही त्यांना बरंच विचारायचं आहे.

ता. क. बायोडाट्यात माझी उंची पाच फूट तीन इंच लिहिली आहे. ती तशीच राहू द्या. ते येतील तेव्हा मी बसूनच राहीन.